कोण व्हतं?
मेंदूवर संशोधन करणारी रोहिणी निमगावच्या जत्रेला तारांची टोपी घेऊन आली ती बापाच्याच सांगण्यावरून. आप्पांच्या अंगात देव यायचा. "मागल्या जत्रेत भिमाबाईला माझ्या तोंडून बोललं गेलं, हरवलेला लेक जिता हाय. ते देव बोलला का मीच? मला झोप न्हाई, पोरी," ते म्हणाले होते. टोपी चढवली, ढोल वाजला, आप्पा घुमू लागले, लॅपटॉपवरच्या रेषा पार बदलल्या. भानावर येताच त्यांनी विचारलं, "कोण व्हतं?" "तुमी सोंग करत नव्हता, आप्पा. एवढंच दिसतं." "मग कोण?" रोहिणी पुन्हा रेषांकडे वळली. तेवढ्यात भिमाबाईनं पुढं येऊन तिचा हात धरला. "बाय, तू शिकल्याली. तुजं मशीन काय म्हणतंय? लेक हाय न्हवं माझा?" रोहिणी 'ठाऊक नाही' म्हणणार होती. "हाय, मावशी," तिच्याच आवाजात कुणीतरी बोलून गेलं. आप्पा दचकले.