पाहुण्यांचा प्रश्न

इंदुताईंना पाहायला पाहुणे आले, तेव्हा त्यांना सुईत दोरा ओवायला लावलं होतं. परवा त्यांच्या नातीला, प्रेरणाला पाहायला पुसदचे पाहुणे आले. मुलाच्या मामांनी पोहे खाताखाता विचारलं, "इंग्रजीत सकर्मक क्रियापद कसं ओळखतेत, सांग बरं."

"क्रियापदाले 'काय' नाहीतर 'कोणाले' विचारायचं, मामाजी. आई पोहे वाढते. काय वाढते? पोहे. उत्तर भेटलं, म्हणजे सकर्मक."

"मले आज समजलं," मामा हसले.

आज त्यांचा फोन आला. इंदुताईंनी तो स्पीकरवर टाकला.

"पोरगी हुशार आहे, पण भाच्याच्या मनात नाही भरली. एक विचारू का? माझा पोरगा विक्की इंग्रजीत लय कच्चा आहे. प्रेरणा मोबाईलवर त्याची शिकवणी घेईन का?"

 

त्या दिवशीची साडी घडी करून कपाटात ठेवत प्रेरणाने विचारलं, "कितवीत आहे?"