वय वर्षे चार

दुपारी तीन वाजता बऱ्हाणपूरजवळच्या वॉटर पार्क रिसॉर्टमध्ये हिमानी दिसेनाशी झाली. पार्कातल्या उंच पाळण्यांना घाबरणारे तिचे आजी-आजोबा दोन दिवस तिकडे फिरकलेच नव्हते. हिरवळीवर चहा पीत मजेत बसले होते.

पाच वर्षांखालचं मूल खोलीत फुकट, म्हणून वामनरावांनी काउंटरवर नातीचं वय चार सांगितलं होतं. लाउडस्पीकरवरही तेच पुकारलं गेलं.

"अहो, आता तरी खरं वय सांगा!" शारदाबाई रडत म्हणाल्या.

वामनराव फाटकाकडे धावले. "भैया, बच्ची आठ साल की है. दो चोटी, पीला फ्रॉक."

पहारेकऱ्याचा चेहरा उतरला.

"वो तो अभी एक औरत के साथ बाहर गई, बाबूजी. मैं चार साल की ढूँढ रहा था."