आधी काकूंचं
स्वतःच्या घराच्या ओसरीवर भरणाऱ्या शाळेत गुरुजींनी चिडून पुन्हा विचारलं, “पोरीच्या वडिलांचं नाव?” शालनबाईंनी तोंडाला पदर लावला. “अंजनीच्या लेकाचं हाय बघा.” “म्हणजे मारुती, हे कळलंय मला! पण कोडी नकोत. तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय हिला शाळेत घेणार नाही.” “न्हाई जमायचं, गुरुजी. नाव घेतलं की मालकांचं आयुष्य घटतं.” गुरुजींनी कपाळावर हात मारला. “अहो, तो पिंपरीच्या नव्या कारखान्यात इंजेक्शनं बनवतो आणि तुम्ही अजून असं बोलता! नाव उच्चारून कुणी मरतं का?” कोरी पाटी छातीशी धरलेल्या पोरीचे डोळे भरून आले. शालनबाईंनी लेकीकडं पाहिलं. “बरं, घेते. पन आदी तुमी काकूंचं नाव घ्या.” गुरुजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. लग्न झाल्यापासून बायकोला त्यांनी ‘अगं’ म्हणूनच हाक मारली होती. आत स्वयंपाकघरात चाललेला वरवंटा एकदम थांबला.