यवतमाळच्या टेपवरचा ड्रम

साठच्या दशकातल्या एका रॉक बँडचा इतिहास जुळवत फिरणारे दोघं चाहते बोरी अरबला गोदावरीबाईंच्या ओसरीवर आले. बाईंचा धाकटा भाऊ दामोदर त्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा.

"आजी, यवतमाळच्या कार्यक्रमाची ही टेप. दामोदररावांचा हात ऐका!"

"त्या दिवशी गेलाच नोता तो," बाई फणकारल्या. "मोठे आले शहाणे!"

पुढचं त्यांनी गिळलं. त्याचं खूळ उतरावं म्हणून कापसाच्या खोलीत कोंडून कडी त्यांनीच घातली होती. सांजेला उघडलं, तर तो ढिगाखाली गार.

टेप सुरू झाली. धप, धप, धप. दारावरची ती थाप बाईंनी लगेच ओळखली.

"इथं एक बाई बोलते," चाहता म्हणाला. "कोण असेल?"

टेपमधून त्यांचाच कोवळा, ठसकेबाज आवाज आला, "ठोकतं तेवढं ठोक! सांजेपर्यंत कडी नाही काढत मी."