रिव्हर्सचा लाइट

गोरेगावच्या बाजारात सवाऱ्या घेऊन आलं, की मनिरामकाका आपल्या जुन्या जीपचं एखादं तरी दुखणं संघदीपच्या गॅरेजात आणायचेच. या वेळी रिव्हर्सचा लाइट लागत नव्हता म्हणे. त्यापायी गाडी मागं घेताना पंधरा दिवसांत दोनदा खांबावर आदळली होती.

संघदीपने जीप शेडच्या सावलीत घेतली, काकांना मागं उभं केलं आणि रिव्हर्स गिअर टाकून विचारलं, “लागला का जी काकाजी?”

“नाही गा.”

त्याने बल्ब बदलला. “नाही गा.” फ्यूज बदलला, नवी वायर ओढली. “नाही गा.” शेवटी जीपखाली आडवं पडून गिअरबॉक्सचा स्विचही नवा बसवला, तरी मागून तेच उत्तर. समोरच्या टपरीवर चहा पिऊन कंटाळलेल्या दहा-बारा सवाऱ्या आता हाका मारू लागल्या होत्या. वैतागलेला संघदीप गिअर तसाच ठेवून, चाबीही न काढता, तरातरा मागं गेला.

लाइट लख्ख लागलेला होता. त्याचा उजेड काकांच्या पांढऱ्या पायजम्यावर पडला होता, आणि काका टक लावून लाइटकडेच पाहत उभे होते.

“काऊन गा, गिअर टाकला नाही का अजून?” काका जीपच्या रिकाम्या सीटकडे तोंड करून ओरडले. “राहू दे आता, उतर. सवाऱ्या ताटकळून राहिल्या, मलेच चालवू दे.”



संघदीप त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होता.