जाणकार

परदेशी मंत्री लढाऊ विमानांचा सौदा करायला कैरोत येणार, म्हणून ठाणेदाराने महरूस उस्तादला स्वागताचा फलक रंगवायला बसवलं. उस्तादने अक्षरं एकमेकांत अशी काही गुंफली, की ठाणेदार वैतागला.

“उस्ताद, ही अक्षरं आहेत की शेवया?”

“शाही वळण आहे, बाशा. जाणकारालाच वाचता येतं.”

जाणकार एकच येणार होता. मंत्र्यांसोबतचा त्यांचा राजदूत. अरबी अक्षरांचा वेडा, भाषणात उठता-बसता लोकशाही.

तो फलकापुढे थांबला. ओठ हलवत त्याने शेवटपर्यंत वाचलं: ‘माझी मुलगी नरमीन वर्षभर विनाखटला कोठडीत आहे. एवढं विचारा.’

उस्ताद एक पाऊल पुढे सरकला.

“काय लिहिलंय?” मंत्र्यांनी राजदूताला विचारलं.



“नेहमीचंच, सर. सुस्वागतम्.”