सुनेचा हात

"खांद्याला धरून ओढू नका," जुईलीने दारातून सांगितलं. किशोरने वडिलांना खांद्यालाच धरून ओढलं. कोंडाजी कळवळले. किशोर घामाघूम होऊन बायकोला म्हणाला, एवढं येतंय तर तूच ये. पण तेवढंच तर होणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी कोंडाजींची डावी बाजू गेली. तेव्हा त्यांची सून पुण्यात फिजिओथेरपीच्या एमपीटीला होती, शेवटच्या वर्षाला. शिकत काय होती, तर लुळी पडलेली माणसं पुन्हा उभी करायला. कासार आंबोलीत जो तो म्हणाला, कोंडाजी नशिबाचा, डॉक्टरीण घरातच. लग्नानंतर तिचं शिक्षण मोडू दिलं नाही तेही कोंडाजींनीच. भावकीने नाकं मुरडली तेव्हा ते एकटे तिच्या बाजूने उभे राहिले होते.

पण दवाखान्यातून घरी आणल्यावर तिने त्यांच्या कोपराखाली हात घातला, तसे त्यांनी डोळे मिटून घेतले.

"सूनबाई, तू लेकीवानी हायेस, पर लेक न्हाईस. सुनंचा हात सासऱ्याच्या अंगाला लागत न्हाई आपल्यात. मला तसाच पडू दे."

तिने समजावलं. किशोरने समजावलं. तुळजाबाईंनी नवऱ्याला नाही, सुनेलाच समजावलं. म्हातारा जेवण सोडून बसला, तेव्हा जुईलीने हात मागे घेतला.

वॉर्डात ती दिवसाला दहा परक्या म्हाताऱ्यांना मिठीत धरून उठवायची. सर वर्गाला तिची पकड दाखवायचे. शनिवारी शेजारच्या बंगल्यातल्या पुणेकर बाई दुखरी मान घेऊन तिच्याकडे यायच्या. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसाच सांगत होता, वळसा घाला म्हणून.

वळसेही घालून झाले. वर्गातला मनीष दोन रविवार आला, मग त्याची ड्यूटी लागली. किशोर हिंजवडीला कंपनीची गाडी चालवायचा, घरी यायचा तो झोपेने डुलत. तुळजाबाई मन लावून तेल चोळायच्या, हात हलवायचा सोडून नुसता चोळत बसायच्या. जुईली दारातून शिकवत राहायची. पोहणं काठावरून शिकवता येत नाही, तसंच हे.

सर म्हणायचे, पहिले तीन महिने मेंदू सांगितलेलं ऐकतो, मग हट्टी होतो. ती दिवस मोजायची. पाय जरा तरी सावरला होता, हात मात्र मेल्यासारखा पडून होता. त्याची बोटं आत वळत चालली होती आणि ते तिला लांबून दिसत होतं. तिला सगळं येत होतं आणि काही करता येत नव्हतं. पुस्तक उघडलं की रडू यायचं.

मे महिन्यात परीक्षेच्या सुट्टीला ती घरी होती. तीन महिन्यांना चार दिवस उरले होते. दुपारी तुळजाबाई भावकीतल्या हळदीला गेल्या, किशोर कामावर. आतून पितळी तांब्या पडल्याचा आवाज आला. कोंडाजी पाणी घ्यायला म्हणून पलंगाच्या कडेला सरकले होते आणि आता घसरत होते, डोकं फरशीच्या दिशेने.

तिने विचार केला नाही. आत धावली, त्यांच्या लुळ्या गुडघ्याला आपला गुडघा लावला, काखेतून हात घातले आणि त्यांना छातीशी घट्ट धरलं. शिकवल्याप्रमाणे. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

"सोड, सूनबाई. सोड मला." म्हाताऱ्याने शरमेने तोंड फिरवलं होतं. उजव्या हाताने त्याने पलंगाचा गज धरला होता.

ती त्यांना सोडणार नव्हती. पडले असते तर खुबाच मोडला असता. पण तिलाही शरम वाटत होती. ज्या माणसाने आपला मान राखला, त्याच्याच मनाविरुद्ध आपण त्याला धरलंय, हे तिच्या मनातून जात नव्हतं. माफ करा मामा, असं ती म्हणणार, तेवढ्यात तिच्या खांद्यावर काहीतरी टेकलं. तिला लांब लोटू लागलं. फार जोर नव्हता त्यात, पण होता.

तिने त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. गजावरचा हात गजावरच होता.

जुईलीचे डोळे भरून आले. तिने पकड आणखी घट्ट केली.

"लोटा मामा," ती म्हणाली, "अजून जोरात लोटा."